उतरवलेली भिंत

अण्णांना गाडीवर मागं बसवलं की माझी चिडचिड ठरलेली असते. काळेवाडी फाट्यापासून वाकडपर्यंत त्यांचा उजवा हात सारखा माझ्या कानाजवळून पुढं येत राहतो. "ही माझी." शंभर पावलं गेली की, "ती मागची पिवळी, तिचे जिने माझे." देहूरोडकडं निघालो तर लष्करी वसाहतीची लांबच लांब भिंत त्यांची. चाकणला निघालो तर शेडमागून शेड. अण्णा म्हणजे माझे वडील. गवंडी आहेत. सतराव्या वर्षी लातूरकडून इकडं आले, त्याला आता बेचाळीस वर्षं झाली.

एकदा सिग्नलला थांबल्यावर मी विचारलंच, "तुमची कशी? वॉचमन आत तरी सोडेल का तुम्हाला?"

"आत कशाला जायचंय? आत काय हाय?" अण्णा म्हणाले. "मी बाहीरून सांगायलोय."

मला हे सहन होत नाही. ज्या इमारतीच्या दारात ह्यांना चप्पल काढून, सही करून, मागच्या लिफ्टनं जावं लागतं, तिला हे 'माझी' म्हणतात. मी हे बोलून दाखवते. ते ऐकून घेतात आणि पुढच्या चौकात पुन्हा हात पुढं येतो.

माझा हा स्वभाव त्यांच्यामुळंच झालाय, हे मात्र खरं. मी पत्रकांवर वाढले. पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांच्या गेटवर संघटनांची पत्रकं वाटली जायची. अण्णा आत कामगार नव्हते, बाहेर भिंत बांधत असायचे, पण कुणी कागद पुढं केला तर ते नाही म्हणायचे नाहीत. घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवायचे. त्यांना वाचायला जेमतेम येतं. कागद माझ्यासाठी यायचा. शाळेच्या पुस्तकातलं 'बदक' मला यायच्या आधी 'कामगार बंधूंनो' यायला लागलं होतं. जयंतीला मामा स्टॉलवरून पुस्तिका आणायचे, त्यांचीही भर पडायची. चौथीत 'माझी आई' हा निबंध मी 'जाहीर आवाहन' असं शीर्षक देऊन लिहिला होता आणि शेवटी घोषणा टाकली होती. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "घरात दुसरं काय वाचायलाच न्हाई, बाई."

आता मी स्वतःच पत्रकं लिहिते. बांधकाम मजुरांसाठी चार-पाच जणांनी मिळून चालवलेलं एक पाक्षिक आहे, त्यातही लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्यात अण्णांवर एक लेख लिहिला. 'कष्टानं पाठीचा कणा वाकलेला, हातांना भेगा पडलेल्या, नजर विझलेली' असं काहीतरी. मोठ्या प्रेमानं त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "हा कोण हाय?"

"तुम्हीच."

"माझा कणा वाकलाय व्हय?" असं म्हणून ते उठले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ओळंबा आन गं. लाव डोक्यापासून. बगू दे हिला, किती वाकलाय."

आई खरंच ओळंबा घेऊन आली. दोरी त्यांच्या डोक्यापाशी धरली. खालचं वजन टाचेपाशी येऊन थांबलं. आई हसून हसून खाली बसली. मला राग आला होता. मी त्यांची बाजू मांडत होते आणि हे दोघं माझी थट्टा करत होते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चाकणची भिंत.

दिवाळीनंतर एका मुकादमाचा अण्णांना फोन आला. हा मुकादम मूळचा चाकणकडचाच. त्याची शेती कधीच कंपन्यांखाली गेली, आता तो कामं घेतो. चाकणच्या पुढं एका नव्या कारखान्यात ऑफिसची इमारत होणार होती. तिची पुढची भिंत आर्किटेक्टला उघड्या विटांची हवी होती. वर गिलावा नाही, रंग नाही, नुसत्या विटा आणि सांधे. दारावर विटांचीच कमान.

"मिस्त्री, असलं काम करणारं मानूसच ऱ्हायलं न्हाई राव," मुकादम म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "समदी ब्लॉकवाली. तुमी हाय का न्हाई, ते सांगा."

पलीकडून मुकादम 'हॅलो, हॅलो' करत राहिला. शेवटी अण्णा म्हणाले, "हाय."

एवढं काय आहे त्यात, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. आईनं मला भाकरी थापता थापता समजावलं. गवंड्याचं काम चांगलं असो की वाईट, त्यावर गिलावा चढतो. वीट ओळंब्यात आहे का, सांधे एकसारखे आहेत का, कोपरा काटकोनात आलाय का, हे आठ दिवसांत झाकून जातं. वाकडी भिंतसुद्धा गिलाव्यानं सरळ करून घेता येते. बेचाळीस वर्षांत अण्णांनी बोटानं दाखवलेल्या सगळ्या भिंतींमध्ये त्यांचं काम दिसेल अशी एकही भिंत नाही. दिसतो तो रंग. आता पहिल्यांदा एक भिंत अशी मिळणार होती की जी रस्त्यावरून दिसेल, आणि तिच्यातली प्रत्येक वीट त्यांनी जिथं ठेवली तिथंच दिसेल.

त्या आठवड्यात अण्णांनी थापीचा लाकडी दांडा बदलला. ओळंब्याची दोरी नवी घातली. कमानीचं गणित मला कागदावर करायला लावलं आणि मी केलेलं चुकीचं आहे हे खडूनं फरशीवर काढून दाखवलं. त्यांना इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं आहे. मलाही त्यात काही खोट काढावीशी वाटली नाही.

मग गेटचा नियम आला. कारखान्याच्या सुरक्षा विभागाचं म्हणणं असं की आत मिस्त्री म्हणून काम करायचं तर कौशल्याचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर पास फक्त हेल्परचा, म्हणजे बिगाऱ्याचा. माल कालवायचा, विटा द्यायच्या. थापीला हात लावायचा नाही. अण्णांनी बिगारी म्हणून काम केलं ते सतराव्या-अठराव्या वर्षी.

"परीक्षा द्यायची," मुकादम म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम हाय. तुमाला काय अवघड?"

मी भडकले. चाकणमध्ये, भोसरीत, तळवड्यात ह्या माणसानं बांधलेल्या शेडखाली हजारो माणसं शिफ्ट करतात, आणि ह्याला वीट ठेवता येते का, हे आता कुणीतरी तपासणार? हा प्रश्न विचारायचा अधिकार ह्यांना दिला कुणी? प्रमाणपत्र द्यायचंच होतं तर बेचाळीस वर्षांत कुणी का दिलं नाही? मी असं बरंच बोलले. अण्णा म्हणाले, "आगं, भिंत बांधून दावायची तर दावू की. त्यात अपमान काय हाय? पूर्वीबी दावायचोच."

हे 'पूर्वी दावायचो' मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

परीक्षा चिंचवडला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात होती. कुठल्याशा खाजगी संस्थेला हे काम दिलेलं. सहा जण परीक्षेला बसले होते. परीक्षक पंचविशीतला मुलगा, गळ्यात कार्ड, हातात टॅब. चांगला मुलगा होता, हेच वाईट. उर्मट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं, अण्णांना खुर्ची दिली. आधी तोंडी प्रश्न झाले. हेल्मेट का घालायचं, उंचीवर काम करताना काय काळजी घ्यायची.

"पट्टा बांधायचा," अण्णा म्हणाले. "दिला तर."

मुलगा हसला आणि त्यानं बरोबरची खूण केली.

मग प्रात्यक्षिक. प्रत्येकानं दोन हात लांब दोन भिंती काटकोनात जोडून सात थरांचा कोपरा दोन तासांत बांधायचा. टॅबवर दोन फोटो घ्यायचे होते, सुरुवातीला आणि शेवटी. पहिला फोटो झाला, अण्णा कोऱ्या जागेपाशी, शेजारी विटांची रास. तेवढ्यात मुलगा मला म्हणाला, "ताई, काकांच्या आधारची झेरॉक्स लागेल, ती राहिलीये." मी गेले. जवळच्या दुकानातलं मशीन बंद होतं. चौकापर्यंत जावं लागलं, तिथं रांग. परत यायला तासाच्या वर गेला असेल. मुलगा मधल्या वेळात शेजारच्या शेडमध्ये प्लंबरच्या परीक्षेवर होता. दोन्हीकडं तो एकटाच बघत होता. आम्ही दोघं फाटकापाशी भेटलो आणि बरोबरच आत आलो.

पाच जणांच्या पाच भिंती उभ्या होत्या. एक तर माझ्यासारखीलाही कळावं इतकी पुढं झुकली होती. सहाव्या जागेवर काहीच नव्हतं. झाडून काढलेली फरशी, शेजारी धुतलेल्या विटांची चौकोनी थप्पी, घमेल्यात परत काढलेला माल, आणि खुर्चीवर बसून थापी पुसणारे अण्णा.

"काका, भिंत कुठंय?" मुलानं विचारलं.

"झाली की."

"हो, पण कुठंय?"

"उतरवली."

"उतरवली म्हणजे?"

"म्हंजे उतरवली. तुमी मघाशी बगून गेला न्हवं? अंगठा केला. मग उतरवली."

शेजारच्या उत्तर भारतीय माणसानं हात झटकले. "हमने बोला चाचा को, क्या कर रहे हो. बोले, पास हो गया."

मुलानं मघाशी दारातून डोकावून लांबून अंगठा दाखवला होता. 'चालू द्या' अशा अर्थानं. अण्णांना त्याचा दुसराच अर्थ लागला, आणि तो का लागला हे त्या आवारात फक्त अण्णांनाच माहीत होतं. त्यांनी त्या मुलाला ते सांगायचा प्रयत्न केला. पूर्वी नव्या कामावर गेलं की मोठा मिस्त्री एक कोपरा बांधायला लावायचा. पाच-सात थर. मग तो यायचा, बघायचा, तळहातानं थोपटायचा. काम वाईट असलं तर स्वतः पायानं ढकलून द्यायचा आणि काही न बोलता निघून जायचा. काम चांगलं असलं तर म्हणायचा, 'उतरव'. म्हणजे तू गवंडी आहेस, कामाला लाग. ज्यानं बांधली त्यानंच ती स्वतःच्या हातानं उतरवायची, माल ओला असतानाच, म्हणजे विटा वाया जात नाहीत. नमुन्याची भिंत उभी सोडून जायचं नाही. जिच्यावर छप्पर येणार नाही, जिच्यामागं कुणी राहणार नाही, ती भिंत ठेवून काय करायची? आणि आपली भिंत दुसऱ्याला पाडायला लागली, ही तर नाचक्की.

मुलानं सगळं ऐकलं. मग टॅब दाखवला. "काका, मला पटतंय ओ. पण फोटोशिवाय हे पुढंच जात नाही. लोकेशनसकट लागतो."

"परत बांधू का? पाऊन तासात बांधतो."

"पंचवीस मिनिटं राहिलीत. नंतर हे आपोआप बंद होतं."

अण्णा उठले. खरंच उठले, थापी घेऊन, पंचवीस मिनिटांत बांधायला. आणि तेव्हा मी मध्ये पडले. मी त्या मुलाला सुनवायला सुरुवात केली. ज्या हातांनी हे शहर उभं केलं त्या हातांची परीक्षा घेणारे तुम्ही कोण, अनुभवाला फोटोचा पुरावा मागणारी ही कुठली पद्धत, वाकड्या भिंती पास आणि सरळ भिंत नापास. मला थांबताच येईना. मुलाचा चेहरा पडला. बाकीचे पाच जण आपापल्या भिंतीजवळून मागं सरकले, जणू माझ्यामुळं त्यांचंही रद्द होईल. मी किती वेळ बोलले माहीत नाही. थांबले तेव्हा अण्णांनी फक्त दुसरा थर संपवला होता, आणि थापी घमेल्यात ठेवून ते माझ्याकडं बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आता गप बस. त्या पोराची काय चूक हाय?"

"अण्णा, मी तुमच्या बाजूनं..."

"माझ्या बाजूनं तू विटा द्यायला पायजे होत्या."

त्यांनी ते दोन थरही उतरवले. विटा धुतल्या. आम्ही निघालो. त्या दिवशी परतताना माझ्या कानाजवळून हात एकदाही पुढं आला नाही.

चार दिवसांनी मोबाइलवर निकाल आला. 'पुन्हा प्रशिक्षण आवश्यक.' मी तो त्यांना वाचून दाखवला नाही. आईनं शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला आणि त्यांना सांगितला. अण्णा म्हणाले, "कोन शिकवनार हाय, ते लिवलंय का?"

मुकादम घरी आला. तो वाईट माणूस नाही, पण त्याच्याकडं सगळ्यावर तोडगा असतो आणि प्रत्येक तोडग्यात कुणीतरी वाकतं. चहा पिता पिता म्हणाला, "मिस्त्री, कशाला टेन्शन घेता? हेल्परचा पास काढू. गेटवर हेल्पर, आत गेलं की मिस्त्री. भिंत तुमीच बांधा. सुपरवायझर आपलाच मानूस हाय, तो तिकडं तोंड करून उभा ऱ्हाईल."

"आणि कागदावर भिंत कुणी बांधली?" मी विचारलं.

"कागदावर कुनीच बांधत न्हाई भिंत, ताई."

अण्णा विचारात पडले होते. मला दिसत होतं की ते जाणार. त्यांच्या डोळ्यांपुढं ती कमान होती. पास कुठल्या रंगाचा, गळ्यात काय अडकवलंय, ह्याची त्यांना खरंच फिकीर नव्हती. भिंत हवी होती. मुकादम उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणून गेला.

तो गेल्यावर मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण न लिहून चालणार नाही. मी म्हणाले, "अण्णा, अशीच तर चोरी होते. काम मिस्त्रीचं घ्यायचं आणि नाव बिगाऱ्याचं लावायचं. तुम्ही गेलात तर उद्या प्रत्येकाला हेच सांगतील." इथपर्यंत ठीक होतं. ते ऐकत होते, पण त्यांचा विचार बदलला नव्हता. मला ते दिसलं आणि मी पुढं म्हणाले, "चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतलंत आणि आता स्वतःच्या हातानं बिगाऱ्याचं कार्ड गळ्यात घालणार? मग त्या परीक्षेनं खोटं काय सांगितलं?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते नळावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. हॉर्न वाजला. अण्णा अंघोळ करून, डबा घेऊन तयार होते. दारापर्यंत गेले. मग परत आले, डबा ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "त्याला सांग, येत न्हाई."

मी खाली जाऊन सांगितलं. जिना चढताना मला वाटलं, जिंकलो. तत्त्व राहिलं. वर आले तर अण्णा खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते. आमच्या घराची ही भिंतही त्यांनीच बांधलेली आहे. तिलाही गिलावा आहे, आकाशी रंग आहे, आणि वर कॅलेंडर.

आई मला म्हणाली, "झालं समाधान? छाप आता पत्रकात."

दोन-तीन महिने गेले. अण्णा वाकडला एका सोसायटीत डागडुजीच्या कामावर जायला लागले. बाथरूमचा गिलावा काढायचा, गळती बंद करायची, पुन्हा गिलावा करायचा. एका दुपारी ते जेवायला घरी आले होते. आईनं मुकादमाचं स्टेटस उघडलं आणि मोबाइल अण्णांपुढं धरला. ऑफिसची इमारत. पुढं विटांची लालभडक भिंत, दारावर कमान, मुकादम पांढरा शर्ट घालून मध्ये उभा.

अण्णांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. भिंतीच्या कोपऱ्यावर नेला. बराच वेळ बघितलं.

"वीट न्हाई ही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"फरशी हाय. विटाच्या रंगाची. ब्लॉकच्या भितीवर चिकटिवली. कोपरा बग. वीट आसती तर एका थरात लांब दिसली आसती, वरच्या थरात आखूड. हितं समदी लांबच. कोपऱ्यात घावतंय."

मी मुकादमाला फोन लावला. मला भांडायचं होतं. तो म्हणाला, "ताई, मी काय करू? मिस्त्रीच मिळंना. दोन जन आनले, दोनदा पाडायला लागलं. आर्किटेक्ट वैतागला, म्हनला टाइल लावा. तुमचं वडील आलं असतं तर वीटच लागली असती." मग म्हणाला, "गेटवरचा नियमबी आता ढिला झालाय."

मी फोन ठेवला. ज्या एका भिंतीसाठी त्यांनी दोरी बदलली, दांडा बदलला, ती भिंत आता जगात नाही. गेटच्या नियमानं तिला अडवलं, टॅबनं अडवलं, आणि शेवटचा अडसर मी घातला. नियमावर मला लिहिता येतं. टॅबवरही येतं. मी काय केलं त्याला पत्रकाची भाषा मला सापडत नाही. मी जे म्हणाले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. हेल्परचा पास घेऊन मिस्त्रीचं काम करणं म्हणजे लूटच आहे, आणि पुन्हा प्रसंग आला तर मी तेच म्हणेन, असं मी स्वतःला सांगते. पण मी तेव्हा पास देणाऱ्यांना काही बोलले नव्हते. मी अण्णांना बोलले. जिथं दुखेल तिथं बोलले, कारण ती जागा मला माहीत होती.

अण्णांना मी हे सांगायला गेले तर त्यांनी हात हलवला. "सोड. कमान तरी कुठं बरूबर हाय? कमान आवळनारा मधला दगड दिला न्हाई. टाइलच्या कमानीला काय पडायचंय म्हना."

आणि ते हसले. मला त्यांचं हसणंही सहन झालं नाही.

गेल्या रविवारी सकाळी ते माझ्यापाशी येऊन बसले. मी लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होते. म्हणाले, "ती परीक्षा परत देता येती का?"

"येते. फॉर्म भरावा लागेल. पण कशाला? ते काम तर गेलं. उघड्या विटांचं दुसरं काम कुठं आहे आता?"

"कामाला न्हाई."

"मग?"

"त्या पोरानं भिंत लांबून बगितली. दारातून. हात लावून बगितली न्हाई. शिकलेलं पोरगं हाय. चांगलं हाय. त्याला आयुष्यभर वाटंल, ह्या म्हाताऱ्याला येत न्हवतं म्हनून त्यानं पाडली."

मला म्हणायचं होतं की त्या मुलाला तुम्ही आठवतही नसाल. दिवसाला दोन-दोन शेडमध्ये तो अंगठे दाखवत फिरत असेल. म्हणायचं होतं की तुम्हाला ओळखायला त्याची गरजच काय. पण चिंचवडच्या आवारात माझं खूप बोलून झालं होतं. मी फॉर्म उघडला. नाव, पत्ता, काम. अनुभव ह्या रकान्यात निवडायला चारच पर्याय होते आणि शेवटचा होता 'दहा वर्षांपेक्षा जास्त'. तो निवडला. अण्णा स्क्रीनकडं बघत होते.

"तोच पोरगा आसंल का?" त्यांनी विचारलं.

"ते ह्यात नाही विचारत."

"इचार की."

मी संस्थेच्या नंबरवर फोन लावला. बाई होत्या. म्हणाल्या, "मॅडम, परीक्षक कोण येणार ते आमच्या हातात नसतं. वरून येतं. कुणीही असलं तरी फरक काय पडतो? निकष तेच असतात." मी नाव माहीत नसलेल्या त्या मुलाचं वर्णन करत बसले. पंचविशीचा, चिंचवडला होता, पाणी देतो सगळ्यांना. त्या म्हणाल्या, तो आता आमच्याकडं नाही.

अण्णांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "न्हाई?"

"सोडून गेला तो."

"कुठं?"

"ते नाही सांगत."

ते उठले, पिशवी उचलली. वाकडच्या त्या सोसायटीत रविवारीही काम होतं, तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम अर्धं राहिलं होतं. जिन्यात त्यांनी चपला घातल्या आणि तिथूनच आवाज दिला, "भरून ठेव. कोन येतंय ते बगू."

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक चौकट आहे. त्यात टिक केल्याशिवाय अर्ज जात नाही. 'मी मागील परीक्षेत अनुत्तीर्ण झालो असून मला कौशल्यातील त्रुटी मान्य आहेत.' गेले तीन दिवस ते पान माझ्यासमोर उघडं आहे. टिक केली तर मी त्यांच्या वतीनं खोटं बोलते. नाही केली तर पुन्हा एकदा माझ्या तत्त्वापायी त्यांची भिंत राहून जाते. रोज संध्याकाळी अण्णा घरी आल्यावर पाय धुता धुता विचारतात, "गेला का फॉर्म?" आणि मी म्हणते, "सर्व्हर बंद आहे."